मागचं दार

अठरा हजारांत घेतली. भुजाडे साहेब म्हणाले,
भंगारवाला बावीस देऊन राहिला होता, पण तो तोडेल.
मनीषनगरच्या मोकळ्या प्लॉटवर सात वर्षं उभी
टाटा इस्टेट, चौऱ्याण्णवची, मागे लांबलचक,
अजनी यार्डात सुटून राहिलेल्या गार्डाच्या डब्यासारखी.
चारही टायर मातीत, बोनेटवर कडुनिंबाचा चीक,
आणि काचेवरच्या धुळीत कुणा पोराने
बोटाने सोडवलेलं एक गणित.
चुकलेलं.

पस्तीस वर्षं मी बँकेत नोटा मोजल्या.
पान्यांचे नंबर कय्यूमभाईंनी शिकवले.
मोमिनपुऱ्यातून लुनावर यायचे, दर रविवारी.
"घाई नाही करायची बे," म्हणायचे,
आणि जीभ चावायचे. "माफ करा, हेडाऊबाई."

पहिला हिवाळा नुसता सोडवण्यात गेला.
बोल्ट डिझेलात भिजवायचा, चहा प्यायचा,
मग हातोडीने हळू,
झोपलेल्या पोराला शाळेसाठी उठवतात तसं.
तरी तुटायचे. चौदा तुटले.
मोजायची सवय जात नाही.

मागचा गालिचा उचलला तर खाली काळी भुकटी.
मँगनीज. साहेब खाणीत सर्व्हेअर होते,
मनसर, कांद्री, डोंगरी बुजुर्ग,
इथेच त्यांची तिपाई, साखळ्या, नमुन्यांच्या पिशव्या.
मी बादलीभर भुकटी काढली.
नखांतली गेलीच नाही.
सून म्हणाली, आई, चूल पेटवून राहिल्या का तुम्ही?

ड्रायव्हरच्या पायाखाली तळ नव्हता.
क्लच दाबला की खाली गवत दिसायचं.
तिथे आमच्या जुन्या कूलरचा पत्रा लावला,
ज्याच्यापुढे दोन बाळंतपणं आणि
एका मुलाची बारावी निघाली.
म्हणून या गाडीत पायांना गार लागतं, असं मी म्हणते.
कय्यूमभाई वेल्डिंगचा चष्मा वर करून
माझ्याकडे नुसतं पाहतात.

दुसऱ्या वर्षी, जुलैत, स्टेपनीच्या खळग्यात मांजर व्याली.
चार पिल्लं. कय्यूमभाईंनी हत्यारं गोळा केली.
"काम बंद. जच्चा-बच्चा आहे."
सहा आठवडे आम्ही दोघं ओट्यावर बसून
एका न चालणाऱ्या गाडीकडे बघत होतो.
त्यांनी मला त्यांच्या बहिणीचं लग्न सांगितलं,
मोडलेलं.
मी त्यांना सांगितलं, एकदा माझ्या काउंटरवर
साडेतीन हजार कमी आले होते,
आणि कुणी घेतले ते मला माहीत होतं.

मे महिन्याबद्दल काय सांगू.
पत्र्याला हात लावला की फोड.

इंजिन लागलं ते तिसऱ्या वर्षी, तान्ह्या पोळ्याला.
गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत चालली होती,
शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं.
आधी काळा धूर, मग खोकला, मग
सगळं अंगण खडखडू लागलं.
धकात्यांच्या वेदांतने आपला बैल उचलून
बोनेटवर ठेवला, का ते त्यालाच ठाऊक.
बैल थरथरला.
आणि आपल्या चार चाकांवर, कुणी न ओढता,
हळूहळू चालत पुढच्या काचेपर्यंत आला.

कय्यूमभाई तेवढ्यात पाना शोधायला वळले.
बराच वेळ शोधत होते. पाना त्यांच्या हातातच होता.

आरटीओचे कागद अजून अडकलेत.
डावी खिडकी अर्धीच उतरते.
मागचं दार वर धरणाऱ्या दांड्या कुठेच मिळाल्या नाहीत,
इतवारीतला सेठ तर हसलाच,
म्हणून बांबूचा तुकडा लावते. कय्यूमभाईंना लाज वाटते त्याची.

परवा भुजाडे साहेब आले. मुलाने हात धरून आणलं.
चालवून बघा म्हटलं तर नको म्हणाले.
मागे, त्या मोकळ्या जागेत, पाय सोडून बसले.
तळहात फिरवला नव्या गालिच्यावरून,
कोपऱ्यापर्यंत, पार कडेपर्यंत,
मग बोटांची टोकं उजेडात धरून पाहिली.

"खूपच साफ करून टाकली तुम्ही."

मला काही बोलता येईना.
संत्र्याची फोड पुढे केली, त्यांनी घेतली.
वर दार, खाली ते, मध्ये एक बांबू,
आणि कय्यूमभाई तो बांबू
उगीचच एका हाताने धरून उभे.